वाचकांचे प्रश्न : पोराचा स्वभाव रक्तातूनच आला का?

मागच्या अंकात कुमारवयातल्या चोऱ्या, मारामाऱ्या आणि शाळा बुडवण्याबद्दल लिहिताना ‘यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो’ असं एक वाक्य आम्ही लिहून गेलो. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आली, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून. काही घाबरलेली, तर काही ‘म्हणजे आमची चूक नाही ना?’ असं विचारणारी. ओळख पटेल असा मजकूर काढून त्यातली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे. लहानपणी शांत होता. सातवीत गेल्यापासून शाळा बुडवतो, मोठ्या पोरांबरोबर बसस्टँडवर बसतो. मागच्या महिन्यात डब्यातले दोनशे रुपये काढले आणि एका मुलाशी मारामारी केली. त्याचे वडील दारू पिऊन मारामाऱ्या करायचे, दोनदा जेलमध्ये गेले. मुलगा दोन वर्षांचा असल्यापासून आम्ही माहेरी राहतो, तेव्हापासून त्याने वडिलांना पाहिलेलंही नाही. तरी सासूबाई निरोप धाडतात, ‘आंडोर बापवर गया’ (पोरगा बापावर गेला). हे खरं का? (चोपडा तालुका)

ताई, आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे खरं आहे. पण सासूबाई म्हणतात तसा नाही.

जुळ्या आणि दत्तक मुलांवरच्या ५१ अभ्यासांची एकत्र मोजणी २००२ साली प्रसिद्ध झाली. समाजविरोधी वागण्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ४१ टक्के जनुकांमुळे, १६ टक्के भावंडांना सामाईक असलेल्या घरच्या वातावरणामुळे आणि ४३ टक्के प्रत्येकाच्या स्वतंत्र अनुभवांमुळे, म्हणजे मित्र, शिक्षक, आजार, अपघात यांमुळे, असा हिशेब निघाला. लोक चुकतात ते हा आकडा वाचताना. ४१ टक्के म्हणजे तुमच्या मुलाने काढलेल्या दोनशे रुपयांपैकी ८२ रुपये बापाच्या रक्ताने काढले, असं नव्हे. हा आकडा एका मुलाबद्दल काहीच सांगत नाही. पुष्कळ मुलं एकत्र घेतली तर त्यांच्यातला *फरक* कशामुळे पडला, एवढंच तो सांगतो.

तुमच्याकडच्या केळीवरून पाहा. टिश्यूकल्चरची जी-नाइन जात लावली की बागेतलं प्रत्येक रोप जनुकांनी जवळजवळ एकसारखं असतं. तरी एक घड पंधरा किलोचा भरतो, दुसरा पंचवीसचा. तो सगळा फरक पाणी, खत, जमीन आणि रोगाचा, त्यात आनुवंशिकतेचा वाटा शून्य. आता त्याच शेतात वेगवेगळ्या जातींचे कंद लावा आणि सगळ्यांना पाणी-खत अगदी सारखं द्या, तर फरक मुख्यतः जातीचा दिसेल. केळी तीच, शेत तेच, आकडा मात्र बदलला. म्हणून ‘४१ टक्के’ हा काही निसर्गाचा कायम नियम नाही. ज्या लोकांत, ज्या परिस्थितीत मोजला, तिथला तो आकडा.

आता ‘बापाला पाहिलंही नाही तरी’ या मुद्द्याबद्दल. हा प्रश्न डेन्मार्कमध्ये १४,४२७ दत्तक व्यक्तींच्या नोंदींवरून तपासला गेला. १९८४ साली आलेल्या त्या अहवालातले दत्तक मुलग्यांचे आकडे असे : जन्मदाते आणि दत्तक घेणारे दोन्ही आईबाप निर्दोष असतील, तर १३.५ टक्के मुलग्यांना पुढे कधीतरी शिक्षा झाली. फक्त दत्तक घेणाऱ्यांवर गुन्हा शाबीत झालेला असेल तर १४.७, फक्त जन्मदात्यांवर असेल तर २० आणि दोन्हीकडे असेल तर २४.५ टक्के. म्हणजे न पाहिलेल्या बापाचा परिणाम दिसतो. पण दुसऱ्या बाजूनेही वाचा : जन्मदात्याला शिक्षा झालेली असूनही शंभरातल्या ऐंशी मुलग्यांना कधीच शिक्षा झाली नाही. शिवाय हा संबंध चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला, मारहाणीच्या गुन्ह्यांत दिसला नाही. सासूबाईंच्या मनात बहुधा उलट चित्र असेल.

उतरतं ते काय? चोरीचं जनुक नसतं. उतरतो तो स्वभावाचा कच्चा माल : उतावीळपणा, धोक्याची भीती कमी वाटणं, लक्ष न टिकणं, चटकन भडकणं. असा थोडाथोडा परिणाम करणारे जनुकीय फरक हजारोंनी आहेत. २०२२ साली पंच्याऐंशी हजारांहून अधिक लोकांचा डीएनए तपासून ठळकपणे हाती लागला तो फॉक्सपी-टू या जनुकाजवळचा एक फरक, आणि त्याचा एकट्याचा परिणाम अगदीच किरकोळ.

वर्तमानपत्रं ज्याला ‘लढवय्या जनुक’ म्हणतात त्या एमएओए जनुकाबद्दलही दोन शब्द. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या ४४२ मुलग्यांवरचा अभ्यास २००२ साली आला. या जनुकाचा मंद, म्हणजे कमी काम करणारा प्रकार *आणि* लहानपणी छळ, अशा दोन्ही गोष्टी वाट्याला आलेले मुलगे १२ टक्के होते, पण हिंसेच्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. नुसता मंद प्रकार असून लहानपण नीट गेलेल्यांमध्ये असं काही दिसलं नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे तिघांतल्या एकाकडे हा मंद प्रकार असतो, आणि ते सगळे काही जेलमध्ये नाहीत. आणखी एक : हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला एक्स मिळतं ते आईकडून. तेव्हा या जनुकापुरतं तरी ‘बापावर गेला’ म्हणायची सोयच नाही.

आता तुमच्या मुलाचं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे ‘लहानपणी शांत होता’. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली दोन वाटा वेगळ्या दाखवल्या. एका वाटेवरची मुलं दहाव्या वर्षाच्या आधीपासूनच खोटं बोलणं, मारणं, मोडतोड करत असतात. आनुवंशिक ओझं आणि पुढचा धोका या मुलांत जास्त. दुसऱ्या वाटेवरची मुलं अकरा-बारापर्यंत सरळ असतात, मग मोठ्या पोरांच्या नादाने बिघडतात आणि बहुतेक जण विशीनंतर मार्गी लागतात. तुमचा मुलगा वर्णनावरून दुसऱ्या वाटेवरचा दिसतो. तिथे सगळ्यात जास्त उपयोग होतो तो ‘कुठे, कोणाबरोबर, कधी परत’ हे तीन प्रश्न रोज विचारण्याचा आणि उत्तर अधूनमधून पडताळण्याचा. वर्गशिक्षकांना भेटून हजेरी आठवड्यातून एकदा फोनवर कळेल अशी व्यवस्था करा. सातवीत नेमकं काय बदललं तेही शोधा. पुष्कळदा वाचन कच्चं असतं, वरच्या वर्गात ते झाकता येत नाही आणि शाळा नको वाटू लागते. लक्ष टिकण्याचा त्रास असेल तर तोही तपासून घ्या. अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, हा खूपच आनुवंशिक विकार आहे, जुळ्यांच्या अभ्यासांत त्याचा आकडा ७० टक्क्यांच्या वर जातो. तरीही तो औषधांनी चांगला आटोक्यात येतो. रक्तातून आलं म्हणजे उपाय नाही, असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

आणि सासूबाईंचं वाक्य मुलाच्या कानावर पडू देऊ नका. चौदा वर्षांच्या मुलाला ‘तू असाच होणार’ हे रोज ऐकवलं तर त्याला तसं व्हायला फारसे कष्ट पडत नाहीत.

प्रश्न : शाळेत एक संस्था आली होती. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव, राग, गुन्हेगारीकडे कल सगळं सांगतात. फी काही हजार रुपये. डीएनए चाचणीही करून देतो म्हणतात. करावी का? (धुळे)

नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि स्वभाव सांगणाऱ्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसं स्पष्ट सांगितलं आहे. डीएनएवरून एका मुलाचं भविष्य सांगता येईल अशी चाचणी आज जगात कुठेच नाही. हजारो जनुकीय फरक जोडून काढलेला गुणांकसुद्धा माणसामाणसांतल्या फरकाचा अगदी छोटा भाग सांगू शकतो. त्यातून हे अभ्यास बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवरचे, आपल्याकडे ते आणखी लुळे पडतात. तेच पैसे शिकवणीला द्या.

प्रश्न : आम्ही मुलगी सहा महिन्यांची असताना दत्तक घेतली. आता ती बारा वर्षांची आहे. खोटं बोलते, वस्तू लपवते, उलट उत्तरं देते. घरात रोज खटके उडतात. नातेवाईक म्हणतात, ‘कोणाचं रक्त कोणास ठाऊक’. आम्ही कमी पडलो की रक्त? (भुसावळ)

यात एक गुंतागुंत आहे आणि ती समजली तर निम्मं ओझं उतरेल. मूल जन्मतः हट्टी, चिडकं असेल तर आईबापही हळूहळू आवाज चढवू लागतात. अमेरिकेतल्या दत्तक कुटुंबांच्या अभ्यासांत हे स्वच्छ दिसलं आहे : ज्या मुलांच्या जन्मदात्यांमध्ये समाजविरोधी वागणूक होती, त्यांना दत्तक आईबापांकडून जास्त कडक वागणूक मिळत होती. त्या आईबापांना जन्मदात्यांबद्दल काही माहीत असो-नसो, मुलाचा स्वभाव ती वागणूक ओढवून घेत होता. मग कडकपणामुळे मूल आणखी बिघडतं आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एक तर आईबाप वाईट किंवा रक्त वाईट. खरं म्हणजे दोन्ही एकमेकांना ढकलत असतात. तुमच्या घरातले रोजचे खटके या जातीचे आहेत का, ते तपासा.

हे चक्र तोडता येतं, याचा पुरावाही दत्तक कुटुंबांतूनच आला आहे. जन्मल्यावर लगेच दत्तक गेलेल्या मुलांच्या ५६१ कुटुंबांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जन्मदात्या आईची समाजविरोधी वागणूक, मुलाशी तिचा काही संबंध नसतानाही, सव्वादोन वर्षांच्या मुलाच्या थंड, बेफिकीर वागण्यात डोकावत होती. पण दत्तक आई जिथे भरपूर कौतुक करत होती, चांगल्या वागण्याची दखल घेत होती, तिथे हा परिणाम पुसला जात होता. तुमची मुलगी बारा वर्षांची आहे, सव्वादोनची नाही, तेव्हा वेळ जास्त लागेल.

सुरुवात मोजणीपासून करा. आठवडाभर वहीत रोज दोनच आकडे लिहा : मुलीला किती वेळा टोकलं आणि किती वेळा चांगलं म्हटलं. खटके उडणाऱ्या घरात टोकणं कितीतरी पटींनी जास्त निघतं. दुसऱ्या आठवड्यापासून टोकणं कमी करण्याच्या फंदात पडू नका, ते जमत नाही. चांगलं म्हणणं वाढवा आणि ते नेमकं असू द्या. ‘छान हं’ नको, ‘दप्तर आल्या आल्या जागेवर ठेवलंस, बरं वाटलं’ असं. लपवलेली वस्तू सापडली की जाबजबाब नकोत. वस्तू जागेवर ठेवायला सांगा आणि विषय तिथेच संपवा. ‘का केलंस?’ या प्रश्नाला बारा वर्षांच्या मुलीकडे उत्तर नसतं, म्हणून ती खोटं रचते आणि मग तुमच्याकडे दोन गुन्हे होतात.

दत्तक घेताना संस्थेने दिलेला बालअभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल कपाटातून काढून पुन्हा वाचा. जन्माचं वजन, जन्म अपुऱ्या दिवसांचा होता का, संस्थेत किती महिने गेले, हे सगळं तिथे असतं आणि डॉक्टरांना ते नातेवाइकांच्या तर्कांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. बारा वर्षं सरली तरी ‘कोणाचं रक्त’ विचारणाऱ्या नातेवाइकांना एकदा बाहेरच्या खोलीत बसवून स्पष्ट सांगा. मुलगी आत सगळं ऐकत असते.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा. याला पस्तावा म्हणून नाही. वासराला सळईनं मारलं, विचारलं तर ‘मग काय झालं?’ म्हणतो. चौथीपासून असाच आहे. पट्ट्यानं मारलं, उपाशी ठेवलं, पोलिसातल्या ओळखीच्या माणसाकडून दम दिला. डोळ्यात पाणी येत नाही. माझ्या चुलत्याचा स्वभाव असाच होता. हॉस्टेलला टाकू का? (रावेर तालुका)

दादा, तुमचं पत्र गंभीर आहे, म्हणून उत्तर लांब देतो.

आनुवंशिकतेचा धागा सगळ्यात जाड असतो तो नेमका अशा मुलांत. २००५ साली इंग्लंडमधल्या सात वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासात, वागणूक वाईट आणि मनही थंड अशा मुलांत आनुवंशिकतेचा वाटा ८१ टक्के निघाला. वागणूक वाईट पण मन थंड नाही, अशा मुलांत तो ३० टक्के होता. पस्तावा नसणं, दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणं, अभ्यासात किंवा कामात कसंही झालं तरी फिकीर नसणं, भावना वरवरच्या असणं, या चारपैकी दोन गोष्टी वर्षभर आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसत असतील तर डॉक्टर त्याची वेगळी नोंद करतात. तुमच्या मुलाला ‘समाजविरोधी व्यक्तिमत्त्व’ हा शिक्का मात्र कोणी मारू शकत नाही. ते निदान अठरा वर्षांखाली करताच येत नाही. या वयात निदान होतं ते वर्तनविकाराचं : ठरलेल्या पंधरा वर्तनांपैकी किमान तीन वर्षभरात आणि त्यातलं एक तरी गेल्या सहा महिन्यांत. दहाव्या वर्षाआधी सुरू झालं का, हे डॉक्टर मुद्दाम विचारतील. तुम्ही चौथी लिहिलंत, ते त्यांनाही सांगा.

मार का चालत नाही? या मुलांच्या मेंदूत भीतीची घंटा हळू वाजते. दुसऱ्याचा घाबरलेला चेहरा पाहून आपल्या मेंदूचा बदामाच्या आकाराचा एक भाग, अमिग्डाला, जसा जागा होतो, तसा यांचा होत नाही. म्हणून शिक्षेतून ‘असं करू नये’ हा धडा ते घेत नाहीत. घेतात तो एवढाच की ज्याच्या हातात पट्टा, त्याचं चालतं. उद्या पट्टा त्याच्या हातात येईल. बक्षिसाची ओढ मात्र यांना इतरांइतकीच असते. ऑस्ट्रेलियात ४ ते ८ वर्षांच्या मुलग्यांच्या पालकांना प्रशिक्षण दिलं, तेव्हा थंड स्वभावाच्या मुलांवर शिक्षेच्या भागाचा परिणाम फिका पडला, बक्षिसाच्या भागाचा मात्र बाकीच्यांइतकाच झाला. तेव्हा मारणं थांबवा असं आम्ही म्हणतो ते दयेपोटी नाही. जे चालत नाही ते तुम्ही इतकी वर्षं चालवून पाहिलंत.

करायचं काय ते आता सांगतो. पहिले सात दिवस काहीच बदलू नका, फक्त लिहा : घटनेच्या आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय *मिळालं*. शेवटचा रकाना भरताना बहुतेक पालक थबकतात. आरडाओरड केली की काम टळलं, आईला ढकललं की मोबाइल मिळाला, असं निघतं. मग फक्त दोन वागणुकी निवडा, वीस नाही. उदाहरणार्थ, सांगितलेलं काम पहिल्यांदा सांगितल्यावर करणं आणि जनावरांना व धाकट्यांना हात न लावणं. रोज पाच गुण ठेवा. चार मिळाले की त्याच संध्याकाळी तासभर मोबाइल, पंचवीस जमले की रविवारी त्याच्या आवडीचं काही. बक्षीस त्याच दिवशी मिळायला हवं, महिन्याच्या शेवटी देऊ म्हटलं तर या मुलांसाठी ते नसल्यासारखंच. एकदा कमावलेले गुण कापायचे नाहीत. काम सांगताना दुरून हाक मारू नका. जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि दहा सेकंद थांबा.

चूक केली तर परिणाम छोटा आणि लगेच : त्या संध्याकाळी मोबाइल नाही, बास. महिनाभर बंद ठेवलात तर उद्या काढून घ्यायला तुमच्या हातात काही उरत नाही. वासराच्या बाबतीत त्याला भाषण देऊ नका. वासराचं चारा-पाणी त्याच्याकडे द्या, पण पहिले काही आठवडे मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच, एकट्याने नाही.

हे फसतं कुठे तेही ठरलेलं आहे. पहिले दहा-पंधरा दिवस वागणूक *बिघडते*, कारण आधी जे ओरडून मिळायचं ते मिळवायला तो आणखी ओरडतो. बहुतेक घरं नेमकी इथेच सोडून देतात आणि पोरगा शिकतो की अजून थोडं ताणलं की मिळतं. दुसरी गळती म्हणजे आजी. बापाने मोबाइल ठेवून घेतला की आजी मागच्या दाराने आपला देते. एकत्र कुटुंबात सुरू करण्याआधी सगळ्या मोठ्यांना एकदा बसवून वही दाखवा. तिसरं, बक्षीस आगाऊ देणं : ‘आज खेळ, उद्या करशील ना?’ असं एकदा जरी झालं तरी सगळी व्यवस्था कोसळते.

हॉस्टेलबद्दल म्हणाल तर घाई करू नका. बिघडलेली मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांकडून शिकतात, हे १९९९ साली अमेरिकेत गटउपचारांतून उघड झालं. उपचार न घेतलेली मुलं बरी निघाली, गटातली जास्त बिघडली. पोलिसाकडून दम देण्याचंही तसंच. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याच्या कार्यक्रमांची नीट तुलना केली, तेव्हा ती मुलं नंतर गुन्ह्यांत *जास्त* सापडली.

औषधाबद्दल बोलायचं तर थंडपणावर गोळी नाही. सोबत एडीएचडी असेल तर त्याची औषधं द्यावीत, त्याने उतावीळ मारामाऱ्या कमी होतात. फारच आक्रमकपणा असेल तर डॉक्टर काही काळ रिस्पेरिडोन देतात. त्याने भूक आणि वजन वाढतं, म्हणून वजन आणि साखर तपासत राहायचं. ही गोळी मनाने सुरू करू नये आणि मनाने एकदम बंदही करू नये.

दाखवायचं कुठे? जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जाण्याआधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जाताना सात दिवसांची वही, शाळेचे निकाल आणि चुलत्याची माहितीही न्या. ‘स्वभाव वाईट होता’ एवढं पुरत नाही. दारू होती का, डोक्याला मार लागला होता का, शिक्षण कुठे सुटलं, असं सांगा.

एक गोष्ट आजच करा. फवारणीची औषधं आणि धारदार अवजारं कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात. उतावीळ मुलं दुसऱ्याला इजा करतात, तशी रागाच्या भरात स्वतःलाही करू शकतात.

प्रश्न : मी शिक्षक आहे. आमच्या शाळेत पारधी वस्तीवरची मुलं येतात. काही चोरी झाली की सहकारी म्हणतात, ‘यांच्या रक्तातच आहे, आता तर शास्त्रानेही सिद्ध केलं’. काय उत्तर द्यावं? (शहादा)

शास्त्राने असं काहीही सिद्ध केलेलं नाही. आनुवंशिकतेचा आकडा एका गटाच्या *आतल्या* माणसांमधला फरक सांगतो. दोन समाजांत फरक का दिसतो हे त्या आकड्यातून काढताच येत नाही, कारण दोघांचं पाणी, जमीन, शाळा, पोलीस काहीच सारखं नसतं.

‘रक्तातच आहे’ ही भाषा कुठून आली तेही सहकाऱ्यांना सांगा. ब्रिटिशांनी १८७१ साली केलेल्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तेव्हा जनुक हा शब्दही अस्तित्वात नव्हता. १९११ साली कायदा देशभर लागू करता येईल असा केला, लोकांना पोलिसांच्या हजेरीला आणि तारेच्या कुंपणाआड आणलं आणि देशपातळीवर तो १९५२ साली रद्द झाला. हजेरी द्यावी लागणाऱ्या माणसाला कोणी मजुरीला ठेवत नाही, शेत वाट्याने देत नाही. तीन-चार पिढ्या असं चाललं की जे दिसतं, त्याला लोक रक्त म्हणतात. वर्गात चोरी झाली की पहिली झडती कोणाची होते, हे एक सत्रभर लिहून ठेवा आणि शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवा.

प्रश्न : पहिल्या वेळी गरोदर असताना मी मिस्री लावत होते. मुलगा आता अकरा वर्षांचा, फार मारकुटा आहे. माझ्यामुळे झालं का? (साक्री तालुका)

ताई, सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांत मारकुटेपणा जास्त दिसतो, हे जुनं निरीक्षण आहे. ते धुराने होतं की आईच्याच जनुकांनी, हे ओळखायला २००९ साली एक हुशार अभ्यास झाला. टेस्ट-ट्यूब बाळांत काही आयांनी दुसऱ्या स्त्रीचं बीज घेतलेलं असतं, म्हणजे गर्भाशय आईचं पण जनुकं तिची नाहीत. अशा मुलांत आईच्या धूम्रपानाचा आणि मारकुटेपणाचा संबंध दिसलाच नाही. मूल जनुकांनीही तिचंच असेल तरच तो दिसला. वजन मात्र दोन्हीकडे कमी भरलं. मिस्रीवर असा अभ्यास नाही, पण गर्भारपणी तंबाखू-मिस्रीने बाळाचं वजन घटतं हे मुंबईतल्या अभ्यासात सरासरी १०५ ग्रॅम इतकं मोजलं गेलं आहे. तेव्हा मारकुटेपणाचा दोष स्वतःकडे घेऊ नका. पण मिस्री अजून सुरू असेल तर सोडा, पुढच्या बाळासाठी आणि तोंडाच्या कॅन्सरच्या भीतीनेही. मुलासाठी वर रावेरच्या पत्राला दिलेलं उत्तर वाचा, अकराव्या वर्षी ते आणखी लवकर लागू पडतं.

प्रश्न : पुतण्या सोळा वर्षांचा. मोटारसायकल चोरीत पोलिसांनी धरला. आता आयुष्यभर रेकॉर्ड राहील का? त्याच्या वडिलांवरही जुन्या केसेस आहेत, त्या सांगाव्या की लपवाव्या? (पाचोरा)

रेकॉर्डची भीती अर्धी काढून टाका. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत आणि २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक महिला असलीच पाहिजे. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणून ती किरकोळ गुन्ह्यांत मोडते. सोबत मोठी माणसं नसतील तर एफआयआर न करता ठाण्याच्या डायरीत नोंद होते. तुमच्या पुतण्याबरोबर कोणी अठरावरचा होता का, हे म्हणूनच महत्त्वाचं. चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपली पाहिजे. किरकोळ गुन्ह्याची त्यानंतरही संपली नाही तर कारवाईच थांबते. प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी ही नोंद उघड करायची नसते.

वयाचा पुरावा लगेच गोळा करा : शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आणि ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. हाडांवरून वय काढण्याची तपासणी यातलं काहीच नसेल तेव्हाच होते. गुन्ह्याच्या दिवशी किती वय होतं तेच धरतात. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

वडिलांच्या केसेस लपवू नका. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) दोन आठवड्यांत सामाजिक चौकशीचा अहवाल देतात. त्याच्या नमुन्यात कुटुंबातल्या कोणाचा गुन्ह्यांशी संबंध आहे का, हा रकाना असतोच आणि पोलिसांकडून ते कळतंही. लपवलेलं उघडं पडलं तर घरच्यांवरचा विश्वास उडतो. मंडळाला बघायचं असतं ते मुलाला घरी सोडलं तर त्याच्यावर नजर कोण ठेवणार. म्हणून अधिकारी घरी येतील तेव्हा वडिलांच्या केसेसबरोबर हेही लिहून द्या : मुलगा कोणाच्या घरी राहील, सकाळी सात ते रात्री नऊ तो कुठे असेल, शाळा किंवा आयटीआयचं काय ठरलंय आणि घरातला कोणता मोठा माणूस दर तारखेला मंडळात हजर राहील. त्या माणसाचा मोबाइल नंबर आणि आधारची झेरॉक्स त्याच कागदाला जोडा.